जोडीचं बटण

झनकलालकाकांनी अंगठा आधी धोतराला पुसला आणि मग माझ्या पुठ्ठ्याच्या मोबाइलवर ठेवला.

"हे दाबलो," ते म्हणाले. "आता?"

मी पुठ्ठ्याच्या खाचेतला पहिला कागद ओढून दुसरा सरकवला. खरं ॲप अजून व्हायचं होतं. ते बनवायच्या आधी आम्ही असे कागदी पडदे करायचो आणि ज्यांनी वापरायचं त्यांच्याच पुढ्यात मांडायचो. कुठे बोट अडतं, कुठे कपाळाला आठी पडते, ते टिपून घ्यायचं. पुण्यात आमच्या ऑफिसात या कामाला फार भारदस्त नाव होतं, पण काम म्हणाल तर एवढंच. त्यासाठी मी गोंदियापर्यंत रेल्वेने आणि तिथून तासभर जीपने बोडीटोल्याला आले होते, आणि पुठ्ठा चुरगळू नये म्हणून तो सगळ्या वाटेत मांडीवर धरला होता. या गोष्टीला आता आठ वर्षं झाली. पुठ्ठा माझ्याकडे अजून आहे. टाकवत नाही.

दुसऱ्या कागदावर मी स्वतः काढलेलं चित्र होतं. सारसांची जोडी. राखाडी अंग, लाल मान, लांब पाय. हा पक्षी उभा राहिला तर माणसाच्या खांद्याला लागतो. महाराष्ट्रात तो उरलाय तो या धानाच्या पट्ट्यात, आणि तोही इतका थोडा की एकेकाचा ठावठिकाणा लोकांना पाठ असतो. आमची 'पाणपंख' ही संस्था त्यांच्यासाठीच ॲप करत होती. एकवीस ठिकाणी सारस राहत होते. तिथले एकवीस शेतकरी रोज सकाळी मोबाइलवर नोंद करणार, आणि कुठे काय घडतंय ते आम्हाला पुण्यात बसल्या जागी कळणार.

"जोडी दिसली की हे चित्र दाबायचं," मी म्हणाले. "मग हिरवा बाण. झालं. दोन वेळा बोट, की काम खलास."

काका खूश झाले. त्यांनी पुन्हा एकदा दाबून बघितलं. मीही खूश होते, कारण माझं पहिलं ॲप सपशेल आपटलं होतं. त्यात चौदा प्रश्न होते. नर किती, मादी किती, पाणी किती खोल, अंतर किती. शेजारच्या टोल्यात, म्हणजे वस्तीत, एका बाईंनी चौथ्या प्रश्नाला फोन खाली ठेवला होता आणि त्या म्हशी धुवायला निघून गेल्या होत्या. तेव्हा मी सगळं फाडून टाकलं आणि नुसतं लोकांचं बोलणं ऐकत हिंडले. एक गोष्ट लक्षात आली. इथे सारस एक-दोन-तीन असे कुणी मोजत नाही. 'आमच्या तलावावर एक जोडी हाये', 'बरसातीत तीन जोड्या येतात', असंच म्हणतात. चार सारस असं मला कुणाच्याही तोंडून ऐकू आलं नाही. मग मी पण जोडीच काढली. मोघे सरांना, म्हणजे आमच्या संस्थाप्रमुखांना, ते चित्र दाखवलं तर ते खुर्चीतून उठलेच. "ऋजुता, याला म्हणतात माणसांसाठी केलेलं ॲप!"

तर काका पुठ्ठा हातात घेऊन बसले होते. तिसऱ्यांदा दाबता दाबता त्यांचा अंगठा हवेत थांबला.

"अन मॅडम जी, एकटाच दिसला त काय दाबू?"

"एकटा कशाला दिसेल काका? दुसरा असेलच तिथे गवतात. हेच दाबायचं."

"नसन त?"

ओसरीच्या दुसऱ्या टोकाला सुगंताकाकू सुपात तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "दिसन ना बाई एकटा. मानसं मरतात, त पाखरं नाही मरत का?"

मी हसले. अगदी मनापासून हसले. एका वेगळ्या चित्रासाठी पुन्हा एक पडदा वाढवायचा, म्हणजे पुन्हा त्याच चौदा प्रश्नांच्या वाटेला लागायचं. ते मला नको होतं.

"हे बघा," मी कोपऱ्यातलं माइकचं चित्र दाखवलं. "वेगळं काही असलं तर हे दाबून बोलायचं. आपल्या भाषेत, जसं माझ्याशी बोलताय तसं. सगळं साठवून राहतं."

"अन आयकते कोन?"

"मीच ऐकते की."

काकांनी मान डोलावली. त्यांना ते पटलं. मी वहीत लिहिलं, 'टेंभरे, झनकलाल. वय ६१. कुठेही अडले नाहीत. चार सेकंद.'

*

ॲप जूनमध्ये सुरू झालं. त्याआधी वनखात्याने आणि आम्ही पायी हिंडून मोजणी केली होती, तेव्हा एकवीस जोड्या, म्हणजे बेचाळीस पक्षी भरले होते. रोज सकाळी नऊपर्यंत माझ्या नकाशावर एकवीस ठिपके हिरवे व्हायचे. चहा पिता पिता ते उगवताना बघायची मला सवयच लागली. ठिपका हिरवा राहणं महत्त्वाचं होतं. सात दिवस नोंद आली नाही, तर ती जागा संरक्षित जागांच्या यादीतून आपोआप गळायची, आणि यादीतल्या शेतांत घरट्यांच्या दिवसांत फवारणीला आणि ट्रॅक्टरला मनाई होती. म्हणजे शेतकऱ्याचं एक बोट त्या पक्ष्याचं रक्षण करत होतं. ही कल्पनाही माझीच होती आणि मला तिचा भारी अभिमान होता.

बंगळूरला एका समारंभात आमच्या ॲपला बक्षीस मिळालं. स्टेजवर मोठ्या पडद्यावर माझं जोडीचं चित्र झळकलं. मोघे सर भाषणात म्हणाले, "दीड वर्षात एकही पक्षी कमी झालेला नाही." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. तोवर माझं मन दुसऱ्या कामात गुंतलं होतं आणि सारसांचा नकाशा मी आठवड्यातून एकदा उघडत होते. हिरवं दिसलं की मिटून टाकायचं.

डिसेंबरात एक फोन आला.

"मॅडम, मी प्रतिमा उईके बोलतेय. वनरक्षक. बोडीटोल्याचं बीट माझ्याकडे आलंय."

तिला या भागात येऊन वर्षच झालं होतं. सरळ मुद्द्यावर आली. बोडीटोल्याच्या आणि आसपासच्या गावांच्या तलावांमधून विजेची लाइन जाते. तारा पक्ष्यांना दिसाव्यात म्हणून त्यांच्यावर चकाकत्या चकत्या लावायचा प्रस्ताव जिल्ह्याच्या समितीपुढे होता. परवा बैठक होती. आणि बैठकीच्या टिपणात लिहिलं होतं, ॲपच्या नोंदीनुसार पक्षी स्थिर आहेत, सबब तातडीची गरज नाही, प्रस्ताव बंद करावा.

"मॅडम, वर्षभरात मी तारेखालचे तीन सारस उचलले. तिन्ही पंचनामे माझ्याजवळ आहेत. मग बेचाळीस कसे?"

"नवी पिल्लं मोठी झाली असतील," मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं.

"तसं असेल तर कधी चव्वेचाळीस व्हावेत, कधी एकेचाळीस. वाढले तर समजू, घटले तर समजू. रोज बेचाळीसच कसे राहतात?"

मी नकाशा उघडला. एकवीस ठिपके. सगळे हिरवेगार.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला प्रतिमाने मला स्टेशनवरून मोटरसायकलवर घेतलं. थंडी मी म्हणत होती. धान कापून झालं होतं, आणि बांध्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यांत, नुसती खुंटं उभी होती. बोडीटोल्याच्या तलावाच्या पाळीवर, काठच्या उंच बांधावर, तिने गाडी बंद केली आणि हात करून दाखवलं.

झनकलालकाकांच्या बांधीत एक सारस उभा होता. तो मान खाली घालून खात होता, मधेच मान वर करून इकडेतिकडे बघत होता, पुन्हा खात होता. मी दुर्बिणीतून बांध न् बांध धुंडाळला. खुंटांत लपण्यासारखं काही नव्हतं. पाण्याच्या कडेलाही काही नव्हतं.

"दुसरा?" मी विचारलं.

"दुसरा नाही मॅडम. मी आले तेव्हापासून नाही."

तेवढ्यात पलीकडच्या बांधावर काका आले. अंगावर घोंगडी, डोक्याला मफलर. त्यांनी पक्ष्याकडे बघितलं, बंडीच्या खिशातून मोबाइल काढला, अंगठा धोतराला पुसला आणि दाबला. मग मोबाइल तोंडाजवळ नेऊन काहीतरी बोलले. मग तो पुन्हा खिशात.

माझ्या हातातला फोन थरथरला. 'बोडीटोला. एक जोडी. सकाळी ७.४०.' नकाशावरचा ठिपका माझ्या डोळ्यांसमोर हिरवा झाला.

मी तिथेच पाळीवर बसले.

*

काकांनी मला ओळखलं. खाट टाकली, पाणी दिलं, पुण्याकडची थंडी कशी आहे ते विचारलं. सुगंताकाकू मात्र चुलीपाशीच होत्या. मी दोनदा 'काकू, कशा आहात' म्हणून बघितलं. दोन्ही वेळा त्यांनी चुलीतलं लाकूड पुढे सरकवलं.

"काका," मी शेवटी म्हणाले, "तुमच्या बांधीत एकच सारस आहे ना?"

"होय जी. एकच हाये."

"कधीपासून?"

"मागच्या सालच्या दिवाळीच्या आठ दिवस पयले मादी तारेले लागली. तवापासून."

"मग तुम्ही रोज जोडी का दाबता?"

त्यांना माझा प्रश्नच कळेना. ते प्रतिमाकडे बघायला लागले. "तुमीच म्हटल्या होत्या ना जी, हेच दाबाचं. दुसरा बटन नाही त्यात. अन नाही दाबलो त सात दिवसांत शेत यादीतून जाते. मंग पलीकडचा फवारा मारन. हा जो उरला, तोबी मरन."

"पण मला कळवायचं ना काका! एक फोन तरी..."

चुलीपाशी लाकूड आपटल्याचा आवाज आला. सुगंताकाकू उठून बाहेर आल्या होत्या.

"कळवाचं?" त्या म्हणाल्या. "रोज कळवते हा बुढा! चहाले बसत नाही, पयले बांधीत जाते. थंडीत जाते, पान्यात जाते. तापानं फणफणला होता तवाबी गेला. मी म्हटली, अजी, राहू द्या एक दिवस. त म्हनते, नाही, पुन्याची मॅडम आयकते. वर्षभर त्या डब्ब्यासंगं बोलते हा मानूस. गावातले लोक हासतात. अन तू आता इथं बसून म्हनते, कळवाचं?"

"सुगंता," काका हळूच म्हणाले.

"काहून, खोटं बोलली का मी?"

मी लॅपटॉप उघडला. पासवर्ड दोनदा चुकला. आवाजाच्या नोंदी साठवायचा कप्पा मीच बनवला होता. त्यात किती नोंदी आल्या त्याचा एक रकाना होता आणि किती ऐकल्या त्याचा एक. बोडीटोल्यापुढे पहिल्या रकान्यात चारशे बारा होते. दुसऱ्यात शून्य.

माइकचं बटण मी ठेवलं होतं. ते ऐकायचं कोणी आणि कधी, हे मात्र कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हतं. माझ्याही नाही.

मी पहिली नोंद लावली. ओसरीवर काकांचाच आवाज घुमला, आणि ते स्वतः दचकले.

"मॅडम जी, राम राम. मी झनकलाल टेंभरे, बोडीटोला. आज सकाळी मादी तारेले लागली. चौदा नंबरच्या खांबाजवळ. तिथंच पडली. मी बटन जोडीचा दाबलो हाये, दुसरा नाही म्हनून. तुमी तिकडं सुधरून घ्या."

मग पुढची. "राम राम. आज नर एकटाच. तिथंच खांबाखाली उभा हाये, हालत नाही. सुधरून घ्या."

"राम राम. आजबी एकटाच."

"मॅडम जी, आज दिवाळी हाये. सुगंतानं तुमच्यासाठी अनारसे ठेवले, कोनी येनार असन त पाठवतो. सारस एकटाच हाये."

"राम राम. एकटाच. तुमी कामात असान."

प्रतिमा ओसरीच्या खांबाला टेकून ऐकत होती. काका जमिनीकडे बघत बसले होते. चोरी पकडली गेल्यावर माणूस बसतो तसे, आणि चोरी तर माझी होती. मी विसाव्या का पंचविसाव्या नोंदीला थांबले. मला पुढे ऐकवेना.

"सगळे आयक," सुगंताकाकू म्हणाल्या. "त्यानं सगळे बोलले हायेत ना?"

आम्ही संध्याकाळपर्यंत तिथेच बसलो. बोडीटोल्याच्या संपल्यावर बाकीच्या वीस ठिकाणच्या लावल्या. सगळेच रोज बोलत नव्हते. पण ज्यांच्याकडे काही बिघडलं होतं, ते बोलले होते. कुणी रागावून, कुणी नुसतं एक वाक्य. खांबांचे नंबर बहुतेकांनी सांगितले होते, कारण इथल्या शेतात जागा सांगायची तर खांबाच्या नंबरानेच सांगतात. मी ऐकत होते, प्रतिमा लिहीत होती. अंधार पडायच्या आत तिच्या वहीत नऊ गावं झाली. नऊ ठिकाणी एकटा पक्षी, आणि नऊ हिरवे ठिपके. बेचाळीस नव्हते. तेहतीस होते.

*

मोघे सर बैठकीसाठी त्याच संध्याकाळी विश्रामगृहावर उतरले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. मग चष्मा काढून डोळे चोळत बसले.

"उद्या सांगू नकोस," ते म्हणाले.

"सर, नऊ पक्षी..."

"ऐक. मी बक्षिसासाठी बोलत नाहीये. तू उद्या उभी राहून म्हणालीस की आमचा आकडा चुकीचा, तर ते काय म्हणतील? चकत्या लावा म्हणतील? ते म्हणतील, ह्यांचं काहीच खरं धरायचं नाही. मग चकत्याही जातील आणि ॲपही जाईल. शेतं यादीतून जातील. बक्षिसानंतर आणखी तीन राज्यांनी आपल्याला ॲपसाठी बोलावलंय, तेही जाईल. त्यापेक्षा गुपचूप दुरुस्ती कर. सहा महिन्यांत आकडा हळूहळू खाली आण. मग पुढच्या वर्षी प्रस्ताव आपणच मांडू."

त्यांचं मला पटावं असं मला फार वाटत होतं, हे मी लपवणार नाही. त्यांनी चुकीचंही काही सांगितलं नव्हतं. मी खोलीत गेले आणि ठरवलं, गप्प बसायचं. ठरवल्यावर बरं वाटलं. मग उशीपाशी ठेवलेल्या फोनवर सवयीने नकाशा उघडला, आणि बोडीटोल्याच्या ठिपक्यावर बोट पडलं. मी सकाळच्या नोंदीपाशी आले. ती तेवढी ऐकायची राहिली होती. मी पाळीवर बसून त्यांना बोलताना बघितलं होतं, तीच.

"राम राम मॅडम जी. एकटाच हाये. पाळीवर कोनीतरी बाई बसली हाये, दुर्बीन घेऊन. तुमीच आल्या का?"

*

बैठकीत पंधरा-सोळा माणसं होती. अध्यक्षांनी टिपण वाचलं, बेचाळीसचा आकडा वाचला, पाणपंखचं कौतुक केलं आणि विचारलं, कुणाला काही बोलायचंय का. मोघे सरांनी माझ्याकडे बघितलं नाही.

मी उठले. आकडा तेहतीस आहे, म्हणाले. खोलीत कुजबुज झाली.

"म्हणजे तुमचं ॲप खोटं?" अध्यक्षांनी विचारलं.

"ॲपमध्ये एकट्या पक्ष्याला जागाच नव्हती साहेब. एका शेतकऱ्याने मला आधीच विचारलं होतं, एकटा दिसला तर काय दाबू. मी हसण्यावारी नेलं. नंतर त्यांनी वर्षभर रोज बोलून सांगितलं. मी ऐकलं नाही."

आणि मी त्या नोंदी लावल्या. चौदा नंबरचा खांब. मग दुसऱ्या गावचा, बावीस नंबरचा. मग तिसऱ्या गावचा. प्रतिमाने उठून आपले तीन पंचनामे टेबलावर ठेवले. खांबाचे नंबर तंतोतंत जुळत होते.

कोपऱ्यातले एक गृहस्थ म्हणाले, "आवाजाला पुरावा कसा धरायचा? आणि काल एक आकडा, आज दुसरा. उद्या तिसरा आणतील." दोन-तीन माना हलल्या. सरांनी हेच सांगितलं होतं.

अध्यक्ष मात्र बराच वेळ पंचनामे चाळत बसले. शेवटी म्हणाले, प्रस्ताव बंद करू नका, उघडा ठेवा. महिनाभरात पायी मोजणी करा, मग काम सुरू करू.

मोजणी झाली. तेहतीसच भरले. फेब्रुवारीच्या शेवटी चकत्यांचं काम लागलं. पहिल्या खांबापासून. तिन्ही राज्यांनी आम्हाला नकार कळवला, आणि मोघे सर माझ्याशी त्यानंतर कामापुरतंच बोलले. मी तक्रार केली नाही. रात्रंदिवस बसून मी नवा पडदा केला. जोडीच्या चित्राशेजारी एकट्या सारसाचं चित्र. ते काढताना किती कागद फाडले त्याला गणती नाही. आणि रोज सकाळी नऊ ते दहा, नोंदी ऐकण्याची वेळ ठेवली. माझी स्वतःची.

मार्चच्या नऊ तारखेला नवं ॲप सगळ्यांच्या मोबाइलवर गेलं. दहा तारखेला मी सकाळी नकाशा उघडून बसले. वीस ठिपके उजळले. काही जोडीचे, आठ एकट्याचे. माणसांना बटण समजलं होतं, कुठेही कुणी अडलं नव्हतं. बोडीटोल्याचा ठिपका तेवढा कोरा होता. नऊ वाजले, सव्वानऊ वाजले. मग तिथून ठिपक्याशिवाय नुसता आवाज आला.

"मॅडम जी, राम राम. नवा बटन पाह्यलो. एकट्याचा. तुमी चांगला काढले जी, एकदम तसाच दिसते. पन काल सांजेले तोबी तारेले लागला. तिथंच, चौदा नंबरले. चकत्या नवव्या खांबापर्यंत आल्या हायेत. आता सांगा, कोनीच नाही दिसला त काय दाबू?"

मी त्याच मिनिटाला फोन लावला. सुगंताकाकूंनी उचलला.

"काकू, मी ऋजुता. मी ऐकलं."

मागून काकांचा आवाज आला, कोण हाये म्हणून.

"पुन्याची बाई हाये," काकूंनी सांगितलं. "म्हनते, आयकली."

"आयकली ना? बरं झालं," काका म्हणाले. "मंग इचार तिले, काय दाबू."

काकूंनी मला ते पुन्हा विचारलं नाही. फोन त्यांनी तसाच धरून ठेवला होता, आणि मी काय सांगते याची दोघं वाट बघत होती.